शेक्सपिअरची जन्मतारीख कोण विचारतंय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या विद्यार्थी पुरवणीत इंग्रजी साहित्याची ‘आदर्श उत्तरे’ येतात. परवाचे शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकावरचे उत्तर वाचले आणि राहवले नाही. प्रश्न होता, राजाच्या खुनासाठी नवऱ्याला, मॅकबेथला, भरीस घालणाऱ्या लेडी मॅकबेथला दुष्ट म्हणता येईल का? उत्तराची सुरुवात शेक्सपिअरच्या जन्मापासून: 1564, स्ट्रॅटफर्ड. मग कथानकच कथानक. बाईसाहेब भेटतात त्या शेवटच्या चार ओळींत!

जुळे सोलापुरात माझ्याकडे संध्याकाळी बी.ए.ची मुले येतात. बरीचशी अशोक चौकाकडची, घरी तेलुगू बोलणारी. गाईड तोंडपाठ. वह्या मिटायला लावून हाच प्रश्न मी मराठीत विचारला, तर एक मुलगी फटकन म्हणाली, ‘‘मॅडम, दुष्ट असती तर झोपेत उठून हात कशाला चोळत बसली असती?’’ झाले की उत्तर! हेच इंग्रजीत पहिल्या दोन ओळींत लिहायचे.

पुढचा प्रत्येक परिच्छेद त्या वाक्याची बाजू लढवणारा हवा. पहिल्या अंकात ती दुष्ट शक्तींकडे क्रूरपणा मागते. अंगातच असता तर मागावा लागला असता? दुसऱ्या अंकात झोपलेला राजा तिला वडिलांसारखा दिसतो, म्हणून स्वतः वार करवत नाही. खुनानंतर मात्र रक्ताळलेल्या हातांनी म्हणते, थोड्या पाण्याने हे धुऊन निघेल. पाचव्या अंकात त्याच हाताला अरबस्तानातली सगळी अत्तरे पुरत नाहीत. पाणी आणि अत्तर शेजारी ठेवले की कथानक वेगळे सांगावे लागत नाही. तपासणाऱ्याला ते ठाऊक असतेच. उद्धृत चार-सहा शब्दांचेच घ्यावे, पण त्यावर दोन वाक्ये स्वतःची हवीत. गाईडात नेमकी तीच नसतात.

विरुद्ध बाजू लपवू नये. नवऱ्याला भित्रा म्हणून डिवचते तीच, राजाच्या सेवकांच्या पेयात गुंगीचे औषध घालते तीच. हे मधल्या परिच्छेदात घेऊन त्याला उत्तर द्यावे. अगदी शेवटी आठवले तर आधीचे सगळे लटके पडते.

माझी विनंती एवढीच, की आदर्श उत्तराऐवजी एखाद्या विद्यार्थ्याचे फसलेले उत्तर, नाव न देता, छापावे आणि शेजारी त्यानेच सुधारून लिहिलेले. तपासून द्यायला मी तयार आहे. मानधन नको.

– एक निवृत्त प्राध्यापिका, सोलापूर