भट्टी दोन दिवसांत उभी राहते, वाळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरच्या घरी दोन दिवसांत पिझ्झा-पाव भाजायची, लाकडावर पेटणारी विटांची भट्टी बांधण्याविषयीचा पुरवणीतला लेख वाचला. भट्टी दोन दिवसांत उभी राहते, यात वाद नाही. माझीही राहिली होती. पाचव्या दिवशी हौसेने भरपूर लाकूड घालून पेटवली आणि तासाभरात घुमटाच्या माथ्यापासून तोंडापर्यंत नख शिरेल एवढी चीर गेली. पाठोपाठ विटेचा टवका उडून निखाऱ्यात पडला.

घाई माझीच नडली. पण लेखातही वाळवण्याबद्दल अवाक्षर नाही. विटा जोडायच्या मालात आणि भिजवलेल्या विटांत मुरलेल्या पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे पटींहून जास्त जागा लागते. वाट मिळाली नाही तर ती वीट फोडून वाट काढते. म्हणून बांधकाम आधी आठवडाभर तसेच ठेवावे, मग रोज छोटा जाळ: पहिल्या दिवशी 150 अंश सेल्सिअसच्या आसपास, पुढे रोज पन्नासेक अंश जास्त. दुसऱ्या भट्टीच्या वेळी मी रात्री वर प्लास्टिकचा कागद टाकत असे. सकाळी उचलला की आतल्या बाजूला थेंब लोंबत असायचे. सहाव्या जाळानंतर कागद कोरडा निघाला, तेव्हा कुठे मोठी मोळी आत गेली.

लेखात सुचवलेला नुसता सिमेंट-वाळूचा मालही घुमटाला चालत नाही. पिझ्झासाठी भट्टी 400 अंशांच्या वर न्यावी लागते आणि तिथेच सिमेंटची पकड सुटू लागते. मी तीन भाग वाळूला चुना, फायर क्ले (जाळ सोसणारी माती) आणि सिमेंट प्रत्येकी एक भाग घेतो. सिमेंट सुरुवातीला धरून ठेवते. ते तापून निकामी झाले की चुना आणि माती सांभाळतात. सांधे मात्र बारीक हवेत.

सगळ्यात मोठी उणीव तळाची. लेखातल्या आकृतीत फायर ब्रिकची (जाळ सोसणाऱ्या विटांची) फरशी थेट काँक्रीटच्या स्लॅबवर आहे. माझ्या पहिल्या भट्टीतही तशीच होती. तीन तास लाकूड जाळूनही पावाची खालची बाजू पांढरीच राहायची आणि स्लॅबला खालून हात लावला की चटका बसायचा. उष्णता सगळी तिथे मुरत होती! मधे पाच भाग व्हर्मिक्युलाइट किंवा परलाइट (उष्णता अडवणारे हलके खनिज दाणे) आणि एक भाग सिमेंट यांचा चार इंच थर हवा. घुमटावर उष्णता अडवणारी सिरॅमिक फायबरची गादी, आणि ती कापताना तोंडाला मास्क, कारण तिचे तंतू फुप्फुसात जातात.

धुराडे फोटोत घुमटाच्या माथ्यावर दिसते. तिथून जाळ सरळ वर निघून जातो. ते तोंडाच्या पुढे, कमानीवर असावे. तोंडाची उंची घुमटाच्या आतल्या उंचीच्या 63 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 18 इंची घुमटाला सव्वाअकरा इंच. तोंड त्याहून फार उंच झाले की उष्णता टिकत नाही, फार बुटके झाले की धूर कोंडतो.

ही पुरवणी पाहून कोणी वाचक विटा आणायला निघाला असेल. निदान त्या आकृतीची दुरुस्ती पुढच्या अंकात छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक