अण्णा, आतल्या फळ्यांसाठी

आदरणीय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

तुमच्यासमोर आभाराचा विषय काढला की तुम्ही रंधा हातात घेता आणि "मजुरी दिलीस की, झालं मग" म्हणून पाठ फिरवता. म्हणून हे सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. तुमची नात वाचून दाखवेलच. सगळ्यांसमोर लिहायचं आणखी एक कारण आहे. दहा बाय बाराच्या खोलीत राहून चांगलं गाणं ऐकायची हौस असलेली माणसं आपल्या सोलापुरात पुष्कळ आहेत. हॉर्न स्पीकर घरी बनवता येतो, आणि त्यात युनिटइतकाच, म्हणजे आवाज काढणाऱ्या भागाइतकाच, वाटा सुताराचा असतो, हे त्यांना कळायला हवं.

अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत तुमच्याकडे कागदांची गुंडाळी घेऊन आलो, त्याआधी फर्निचरच्या दोन-तीन ठिकाणी नकार मिळाला होता. "खोक्यात एवढ्या फळ्या कशाला, मोठा स्पीकर लावा की" असं उत्तर मिळायचं. तुम्ही मात्र कागद बाकावर पसरला, चष्मा लावला आणि विचारलं, "यातनं काय जाणार हाय? हवा का?" मी हो म्हणालो. "मग पाणी सोडल्यावर जिथं गळंल, तिथंच हवा गळणार. कर की, करू आपण." इतक्या थोडक्यात हॉर्नच्या पेटीची पहिली अट मला कुणीच सांगितली नव्हती.

त्या दिवशी दुकानात गडबड होती, म्हणून तुम्हाला नीट सांगायचं राहिलं ते आता सांगतो. आपण वापरलेलं युनिट चार इंची फुल-रेंज आहे. गायकाचा आवाज, हार्मोनियम, तंबोरा, झांज, सगळं त्या एकाच कोनातून, म्हणजे युनिटच्या हलणाऱ्या पडद्यातून, येतं, मध्ये सूर वाटून देणारा क्रॉसओव्हर नाही. मोठ्या हॉलमध्ये खालच्या सुरांचा वूफर आणि वरच्या सुरांचा ट्वीटर वेगवेगळे असले तरी लांबवर बसलेल्याच्या कानापर्यंत त्यांचा आवाज एक होऊन पोचतो. लहान खोलीत आपण सहा-सात फुटांवर बसतो. तिथे आवाज एकाच जागेवरून आला की गाणारा माणूस समोर बसल्याचा भास होतो. अडचण खालच्या सुरांची. चार इंची कोन खर्जासाठी पुरेशी हवा हलवू शकत नाही. तो पुढेमागे होतो, पण हवा बाजूने निसटते. त्याच्या पाठीमागे अरुंद सुरू होऊन रुंदावत जाणारी वाट दिली, की हवेला निसटायला जागा राहत नाही आणि कोनाच्या तेवढ्याच हालचालीतून कितीतरी जास्त आवाज निघतो. ही वाट म्हणजेच हॉर्न. यात्रेत खांबावर बांधलेल्या भोंग्याचं तत्त्वही हेच, फक्त आपण तो उलगडून बाहेर न ठेवता पेटीत घड्या घालून बसवला.

यामागचं गणित जुनं आहे. हॉर्नच्या रुंदावण्याचा सिद्धांत आर्थर वेबस्टर यांनी 1919 मध्ये छापून मांडला. इंग्लंडमध्ये पॉल व्होइट यांनी 1930च्या दशकात आणि अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी 1940च्या दशकात खोलीचा कोपराच हॉर्नच्या कामाला लावला. जपानमध्ये तेत्सुओ नागाओका यांनी लहान फुल-रेंज युनिटसाठी घरी कापून जोडता येतील असे कितीतरी आराखडे लोकांना दिले. आपला आराखडा मी याच वाटेने काढला होता.

50 हर्ट्झपर्यंतचे, म्हणजे सेकंदाला 50 कंपनांपर्यंतचे, खालचे सूर काढायच्या हॉर्नमध्ये वाटेचं क्षेत्रफळ दर 38 सेंटीमीटरला, म्हणजे साधारण सव्वा फुटाला, दुप्पट व्हावं लागतं. आपण घशाशी, म्हणजे वाट सुरू होते तिथे, 50 चौरस सेंटीमीटर धरले आणि पाच वेळा दुप्पट करत तोंडाशी, म्हणजे ती बाहेर उघडते तिथे, 1600 वर आणले. वाट झाली 190 सेंटीमीटरची, सव्वासहा फूट. 50 हर्ट्झची लाट जवळजवळ सात मीटर लांब असते, आणि पुस्तकी हिशेबाने तोंडाचा घेर त्या लाटेएवढा हवा. तेवढं तोंड म्हणजे सात फुटांहून मोठी परात. खोलीची एक भिंतच त्यात जाईल. पेटी कोपऱ्यात ठेवली की दोन भिंती आणि जमीन मिळून हॉर्न पुढे वाढवतात आणि तोंड एक अष्टमांशावर भागतं. तरी ते 4700 चौरस सेंटीमीटर भरतं. आपल्याला त्याच्या एक तृतीयांशावर थांबावं लागलं, त्यामुळे 70 हर्ट्झच्या खाली आवाज झपाट्याने उतरतो. दहा बाय बाराच्या खोलीत मला हे पटतं. त्या खोलीचे स्वतःचे घुमणारे सूर 47 आणि 56 हर्ट्झच्या आसपास पडतात, आणि कोपऱ्यातला स्पीकर त्यांना सगळ्यात जास्त चेतवतो. तिथे हॉर्नने जोर लावला असता तर खोली नुसती घुमत राहिली असती.

आता तुमच्या हाताबद्दल. आतली रुंदी 24 सेंटीमीटर, म्हणजे घशाची फट जेमतेम 21 मिलिमीटर. मी मिलिमीटर सांगत होतो आणि तुम्ही खडूने फळीवर सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, मांडत होता. तिथे एक सूत चुकलं की क्षेत्रफळ 15 टक्क्यांनी बदलतं. तोंडाशी तेच एक सूत इकडेतिकडे झालं तर अर्धा टक्कासुद्धा फरक पडत नाही. घडीव पेटीत सुतार बाहेरच्या कडेला जीव ओततो, कारण गिऱ्हाईक तीच बघतं. इथे गरज बरोबर उलटी होती. सगळी कसोटी जिथे कुणाचा हात आणि डोळा पुन्हा कधी पोचणार नाही, त्या आतल्या पहिल्या वळणावर होती. तुम्ही हे एकदा ऐकलं आणि मला परत सांगावं लागलं नाही. घशाच्या दोन्ही फळ्यांमध्ये ठेवायला सागवानाची 21 मिलिमीटरची पट्टी घासून केली. ती तीन ठिकाणी सरकवून बघितल्याशिवाय फेविकॉल लावू दिलं नाही. एके ठिकाणी ती किंचित अडली, तर आधी गुण्या लावला, मग पटाशीने केसभर छिलून काढलं. हातमागाच्या धोट्यांचं काम केलेला हात तो, मला त्याच्याकडे बघत राहावंसं वाटत होतं.

प्लाय घेतानाचंही आठवतं. दुकानदार सहा सुती प्लायचे ताव दाखवत होता आणि तुम्ही बोटाच्या पेराने एकेका तावावर टकटक करत चालला होता. दोन ताव बाजूला काढले. "आतनं पोकळ हाय बग, इथं आवाज बदलला." हॉर्नच्या पेटीत अशी पोकळी म्हणजे एखाद्या सुराला पकडून किरकिरणारी जागा. आपल्या पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटात जन्म काढलेल्या माणसाचा कान इतका बारीक असू शकतो, हे मी तेव्हा पाहिलं.

शेवटची बाजू बंद करायच्या आधीचा तुमचा उपाय मी आता प्रत्येक हौशी माणसाला सांगतो. बाजूची फळी नुसती क्लॅम्पने आवळली, युनिट बसवलं, मी मोबाइलवरून 40 हर्ट्झचा सूर सोडला. तुम्ही दुकानातल्या देव्हाऱ्यातली उदबत्ती घेतली आणि सांध्यावरून सावकाश फिरवत नेली. धूर सरळ वर जात होता. खालच्या कोपऱ्याशी आल्यावर तो थरथरला. तुम्ही पेन्सिलीने तिथे फुली मारली. अशा जागा सापडतील तिथे भुसा आणि फेविकॉलचा लगदा बोटाने दाबून भरला, दुसऱ्या दिवशी परत उदबत्ती फिरवली, आणि धूर सगळीकडे सरळ राहिला तेव्हाच स्क्रू पक्के केले.

आणि तो टॉवेल. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आकाशवाणीच्या निवेदकाचा आवाज मागच्या तोंडातून हलकासा येत होता, आणि पुढच्या आवाजाच्या मागोमाग आल्यामुळे बोलणं थोडं पोकळ वाटत होतं. युनिटच्या पाठीमागच्या कोठीने मधले सूर अडवायचे आणि फक्त खालचे घशात सोडायचे, अशी तिची रचना असते, पण मऊ अस्तराशिवाय ती पुरी पडत नाही. मी बाहेरून फेल्ट मागवायच्या विचारात होतो. तुम्ही घरातून जाड टर्किश टॉवेल आणून त्याचे तुकडे कोठीच्या भिंतींना लावले. एक थर कमी पडला, दोन थरांत निवेदक मागच्या तोंडातून ऐकू येईनासा झाला, तीन थरांत खर्ज दबायला लागला म्हणून तिसरा काढला. ज्या गावात टॉवेल विणले जातात तिथे अस्तर बाहेरून कशाला आणायचं!

स्पीकर घरी आणून दोन्ही कोपऱ्यांत लावले त्या संध्याकाळी तुम्ही खुर्ची भिंतीपासून दीड हात पुढे ओढून बसलात. "भिंतीला टेकलं की घुमतंय," एवढंच म्हणालात. बरोबरच होतं, भिंतीलगत खालचे सूर साचतात. नंतर लोखंडी कपाटाचं दार एका ठरावीक सुराला थरथरतंय हेही तुम्हीच शोधलं आणि कडेला रबराची पट्टी चिकटवून गेलात.

मग भीमसेन जोशींचं गाणं लावलं. अॅम्प्लिफायर एक-दोन वॉटच्या पुढे गेला नसेल. हॉर्नला तेवढं पुरतं. श्वास घेतल्यावर सूर लागायच्या आधी जो एक क्षण असतो तो ऐकू आला, तंबोऱ्याची जवारी वेगळी ऐकू आली, आणि तबल्याच्या डग्ग्याला, चार इंची युनिट असूनही, वजन होतं. तुम्ही डोळे मिटून बसला होता. गाणं संपल्यावर तुम्ही आधी पेटीच्या बाजूच्या फळीवर तळहात ठेवून बघितला आणि म्हणालात, "फळी हलंना. बरं झालं."

अण्णा, मी आराखडा काढला, युनिट आणलं, हे खरं. पण कागदावरची 21 मिलिमीटरची फट लाकडात 21 मिलिमीटरची राहिली ती तुमच्यामुळे, आणि रोज संध्याकाळी माझ्या घरात जे ऐकू येतं ते त्या फटीतून येतं. आई आता टीव्हीचा आवाजही त्यावरूनच ऐकते. बातम्या देणाऱ्याचा शब्द नीट कळतो म्हणते. वय झालेल्या कानाला याहून मोठं काय हवं? याबद्दल तुमचे मनापासून आभार.

एक मागणं आहे. तुमच्या घरातल्या पुढच्या खोलीचं माप मी मागच्या वेळी डोळ्यांनी घेऊन ठेवलंय. युनिटची दुसरी जोडी आणली आहे. गड्ड्याच्या यात्रेची धावपळ संपली की प्लाय बघायला जाऊ. या खेपेला लाकडाचा आणि युनिटचा खर्च माझा, आणि तुम्ही नाही म्हणायचं नाही.

तुमचा,
जुळे सोलापूरचा स्पीकरवाला