उत्पन्न: निरंक (विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र)

मा. विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सिंधुदुर्गात कोर्टाच्या आवाराबाहेर माझं टायपिंगचं दुकान आहे. भाडेकरार, वारसाचे अर्ज, नोटरीची कामं. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2020 मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात नमुना ठरवून दिल्यापासून एका कामाची भर पडली आहे: पोटगीच्या अर्जात नवरा-बायको दोघांनाही आपली मिळकत, कर्ज आणि खर्च शपथेवर लिहून द्यावा लागतो. बायकांच्या प्रतिज्ञापत्रात माझी बोटं एका शब्दावर इतक्या वेळा जातात की आता बघावं लागत नाही. व्यवसाय: गृहिणी. उत्पन्न: निरंक. स्थावर मिळकत: निरंक.

गेल्या पावसात एक बाई आल्या. लग्नाला बावीस वर्षं झालेली. नवऱ्याच्या नावावर कर्ज काढून घेतलेला फ्लॅट, त्याचे सगळे हप्ते त्याच्याच पगारातून कापलेले. बाई चौदा वर्षं डबे करायच्या. किराणा, लाइटबिल, पोरांच्या फिया त्या पैशांतून भागायच्या. डब्यांना कसली पावती आणि कसलं खातं? पुढे गुडघे गेले आणि डबे बंद पडले. वकिलांनी सांगितल्याप्रमाणे मी निरंक टाइप केलं. त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “घर चललां माझ्या डब्यांर, हप्तो गेलो तेच्या पगारातसून. मगे हप्तो कोणी भरल्यान?”

या प्रश्नाला आपल्या कायद्यात उत्तर नाही, साहेब. हिंदू विवाह कायद्याचं कलम 27 आहे, पण ते लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास दोघांना मिळून आलेल्या वस्तूंपुरतं. स्त्रीधन तिचंच, हे खरं. पण बावीस वर्षांत त्यातलं किती उरतं? कलम 25 खाली कायमची पोटगी मिळते, ती देताना कोर्ट दोघांची वागणूकही बघतं. म्हणूनच दावा लढवायला घेतला की पहिला चिखल चारित्र्यावर उडतो. भिकेत आणि वाट्यात फरक असतो. वाटा मागणाऱ्या बाईला आपण पोटगीच्या रांगेत उभं करतो.

बांद्याच्या पुढे पत्रादेवीचा नाका ओलांडला की हिशेब बदलतो. गोव्यात पोर्तुगीजांच्या 1867 च्या नागरी संहितेतले कौटुंबिक नियम अजून चालू आहेत. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर मालमत्ता दोघांची सामाईक, आणि फारकत झाली की निम्मी-निम्मी. घर विकायला दोघांची सही लागते. माझी मावसबहीण पेडण्याला दिली आहे. तिच्या नवऱ्याने जमिनीचा तुकडा विकला तेव्हा सहीला तिला सोबत न्यावंच लागलं. गोव्याचा कायदा सोन्याचा आहे असं मी म्हणत नाही. सामाईक मालमत्तेचा कारभार तो नवऱ्याच्या हाती देतो, आणि भांडखोर नवरा त्याचा फायदा घेतोच. पण तिथल्या बाईला निदान ‘निरंक’ लिहावं लागत नाही.

एक गोष्ट मला फार टोचते. जानेवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघात भरपाईच्या एका खटल्यात गृहिणीच्या कामाला पैशात मोल आहे असं स्पष्ट सांगितलं. म्हणजे बाई स्कूटरवरून जाताना ट्रकखाली गेली तर तिच्या स्वयंपाकाचा, झाडलोटीचा, पोरं सांभाळण्याचा आकडा निघतो. तीच बाई जिवंत राहून फारकत मागायला आली की आकडा शून्य. मद्रास उच्च न्यायालयाने जून 2023 मध्ये, नवऱ्याच्या कमाईतून घेतलेल्या मिळकतीत घर सांभाळणाऱ्या बायकोचाही तितकाच वाटा आहे असं म्हटलं. पण ते एका दाव्यापुरतं. एकेका न्यायाधीशाच्या मनाच्या मोठेपणावर किती बायकांनी अवलंबून राहायचं?

हे दिल्लीचं काम आहे, असं आपल्या विभागाकडून उत्तर येईल. दिल्लीने करून बघितलं. विवाह कायदे दुरुस्ती विधेयक राज्यसभेत ऑगस्ट 2013 मध्ये मंजूर झालं, त्यात नवऱ्याच्या स्थावर मिळकतीत बायकोला वाटा होता. पुढच्या वर्षी लोकसभेची मुदत संपली आणि विधेयकही संपलं. पण विवाह आणि घटस्फोट हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्राला आणि राज्याला दोघांनाही कायदा करता येतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीचा हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला, केंद्राने 2005 मध्ये. तेव्हा आपण अकरा वर्षं थांबलो नव्हतो.

लग्नानंतर दोघांच्या संसारात जे उभं राहिलं ते दोघांचं, नाव कागदावर कुणाचंही असो, असा नियम करा. वडिलांकडून आलेलं आणि बक्षीस मिळालेलं बाजूला ठेवा. कर्जसुद्धा वाटा. बायको कमावते आणि नवरा घर बघतो अशी जोडपीही माझ्याकडे येतात, त्यांनाही हाच नियम लागू करा. आणि दावा दाखल झाल्याच्या दिवसापासून राहतं घर दुसऱ्याच्या सहीशिवाय विकता किंवा गहाण टाकता येणार नाही, हे दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकाच्या दारातच अडवा. नोटीस पोचेपर्यंत फ्लॅट भावाच्या नावावर गेलेला असतो, हे आमच्या इथल्या कुठल्याही शिपायाला विचारा.

त्या बाईंच्या दाव्यात आता साक्षी सुरू आहेत. प्रतिज्ञापत्र दुरुस्त करायचं तर दोन शब्द खोडून काय लिहू, एवढं कळवावं.

आपली,
एक टंकलेखिका, सिंधुदुर्ग

ता. क. राहतं घर किंवा शेतजमीन बायकोला बक्षीस द्यायची तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे. सवलत चांगलीच आहे. मुलाच्या नावाची बक्षीसपत्रं मी पुष्कळ टाइप केली. बायकोच्या नावाचं आजवर एकच, आणि तेही बँकेची जप्ती यायच्या आदल्या आठवड्यात.