वादळात टॉवर पडला तर दर्यातला निरोप पोचणार कुठे? मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

ऑगस्ट 2024 मध्ये पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते एक लाख मासेमारी नौकांवर ट्रान्सपॉन्डर, म्हणजे उपग्रहामार्फत निरोप धाडणारं यंत्र, बसवण्याची योजना सुरू झाली. काम मोलाचं आहे. मोबाइलची रेंज काही मैलांवर संपते आणि वायरलेस नजरेच्या टप्प्यापुरता चालतो. त्यापुढे तांडेलाचा, म्हणजे होडीच्या प्रमुखाचा, आधार हा छोटा डबाच. त्याचा निरोप सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवरचा जीसॅट-6 उपग्रह झेलतो. त्या उपग्रहाची 6 मीटरची अँटेना अंतराळात छत्रीसारखी उघडते, म्हणून होडीवरचं यंत्र एवढं लहान ठेवता आलं.

मला घोर आहे तो किनाऱ्याचा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ धडकलं, तेव्हा दापोली-मंडणगडात विजेचे खांब आडवे झाले, टॉवरच्या बॅटऱ्या बसल्या, फोन मुके झाले. गावी म्हातारे आई-वडील सुखरूप आहेत का, हे मुंबईतल्या चाकरमान्यांना कित्येक दिवस कळेना. डोक्यावरचे उपग्रह त्या दिवशीही शाबूत होते. तुटलं ते सगळं जमिनीवर! त्या वेळी बहुतेक होड्या तरी किनाऱ्याला होत्या. 2009 च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं तेव्हा त्या दर्यात होत्या.

म्हणून विनंती अशी, की उपग्रह, विमान आणि टॉवर या तिघांचा आराखडा एकत्र करा. प्रत्येक बंदरगावात निदान एका टॉवरला उपग्रहाची पर्यायी जोडणी द्या, म्हणजे टॉवरपर्यंत येणारी फायबर केबल तुटली तरी तो चालेल. त्याला सौर पॅनेल आणि दोन-तीन दिवस पुरतील एवढ्या बॅटऱ्या हव्यात. आणि त्या काळात सिम कुठल्याही कंपनीचं असो, फोन त्यावर लागला पाहिजे.

विमानाचा विचार तर आपल्याकडे फारसा होतच नाही. 3 हजार मीटर उंचीवरच्या विमानाच्या वायरलेसला चहूबाजूंनी सव्वादोनशे किलोमीटरचा दर्या दिसतो. ऐन वादळात ते उडणार नाही, कबूल. पण आदल्या दिवशी होड्यांना माघारी बोलावताना आणि वारा पडल्यावर शोध घेताना तटरक्षक दलाचं डॉर्नियर विमान होडी आणि बंदर यांच्यातला दुवा होऊ शकतं. त्यासाठी विमानातलं, होडीवरचं आणि बंदरातलं यंत्र एकमेकांशी बोलेल असं आधीपासून ठरवून घ्यावं लागतं.

दूरसंचार खातं केंद्र सरकारकडे, तटरक्षक दल संरक्षण मंत्रालयाकडे, मच्छीमार आपल्याकडे. या सगळ्यांना एका टेबलाशी बसवण्याचा पुढाकार आपणच घ्यावा. आणि 1 जूनची मासेमारी बंदी लागण्याआधी, मे महिन्यात, दापोली तालुक्यातल्या हर्णै बंदरात एक सराव लावा. गावातल्या टॉवरची वीज आणि फायबर मुद्दाम तोडा, खोल दर्यातल्या होडीवरून निरोप धाडा, आणि तो खलाशाच्या घरच्या फोनवर किती वेळात येतो ते आपण स्वतः जेट्टीवर उभे राहून पाहा.

आपला,
हर्णै परिसरातला एक रहिवासी