दुधाच्या पिशवीचा कोपरा, खरकटं आणि लाल ठिपका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर आमच्याकडे लग्नाच्या आधीपासून येतो, पण पत्र लिहायची ही पहिलीच वेळ आणि तेही मोबाईलवर टाइप करतेय, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. विषय घरातल्या कचऱ्याचा आहे. वाचक पानं उलटून पुढे जातील असा विषय वाटेल, पण मला आता गप्प बसवत नाही.

मागच्या महिन्यात आमच्या इमारतीत कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या हाताला काच लागली. कुणीतरी फुटलेला ग्लास काळ्या पिशवीत खरकट्यासोबत तसाच बांधून दिला होता, काळ्या पिशवीतलं आत काय आहे ते दिसत नाही, त्यांनी हात घातला आणि तळवा फाटला, तीन टाके पडले. दुसऱ्या दिवशी त्या पट्टी बांधून परत कामावर, कारण घरटी मिळणारे पैसे आणि सुकं विकून मिळणारे पैसे यावरच त्यांचं घर चालतं. त्या दिवशी चहा घेता घेता मी त्यांना विचारलं की ताई आम्ही नेमकं काय केलं म्हणजे तुम्हाला बरं पडेल. त्यांनी जे सांगितलं ते मला पन्नाशी उलटेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून हे पत्र.

ओला-सुका वेगळा करा हे आपण भिंतीवर वाचतो, घंटागाडीच्या गाण्यात ऐकतो, २०१६ च्या नियमांनी तर ओला, सुका आणि घातक असे तीन भाग करणं बंधनकारकच केलं होतं. पण का, हे डोक्यात शिरलेलं नसतं. ताई म्हणाल्या, पुठ्ठा कोरडा असला तर किलोवर जातो, त्यावर आमटी सांडली की तो मातीमोल. म्हणजे मी एक वाटी आमटी चुकीच्या डब्यात ओतली की त्यातला सगळा कागद-पुठ्ठा वाया आणि त्यांचे तेवढे पैसे बुडाले. इतकं साधं आहे हे.

मग दुधाची पिशवी. आपण सगळेच कात्रीने कोपरा उडवतो आणि तो इवलासा तुकडा सिंकमध्ये किंवा केरात जातो. तो तुकडा कुणीही वेचू शकत नाही, गटारात जातो नाहीतर मातीत राहतो. घरात रोज दोन पिशव्या म्हटल्या तरी वर्षाचे सातशेच्या वर तुकडे, एका घरातून. कोपरा अर्धवटच कापायचा, पिशवीला लटकता ठेवायचा, पिशवी विसळून (ते पाणी कुंडीत जातं) दोरीवर वाळत घालायची. स्वच्छ कोरडी दुधाची पिशवी भंगारवाला आनंदाने घेतो. आमच्याकडे आता कपड्यांच्या शेजारी पिशव्या चिमट्याला लटकलेल्या असतात, नातीला ते कामच लावून दिलंय.

पण खरी गोष्ट ओल्या कचऱ्याची आहे. आपल्या घरातला निम्म्याच्या आसपास कचरा ओलाच असतो, भाजीची देठं, साली, चहाचा चोथा, शेंगांची टरफलं, निर्माल्य. तोच घरात जिरला तर उरतं ते सगळं कोरडं, वास नाही, माश्या नाहीत, आणि मग सुका कचरा रोज द्यायचीही गरज पडत नाही, आम्ही आठवड्यातून एकदाच देतो. मी दीड वर्षापूर्वी रंगाच्या रिकाम्या बादलीला ड्रिलने भोकं पाडून त्यात ओल्या कचऱ्याचं खत करायला सुरुवात केली. पहिली बादली पार फसली, पंधरा दिवसांत असा वास सुटला की शेजारच्या वहिनींनी बेल वाजवून विचारलं. चूक माझी होती, मी त्यात उरलेली आमटी, ताक, सगळं पातळ ओतत होते आणि कोरडं काहीच घालत नव्हते. ओलं जास्त झालं की आत हवा खेळत नाही आणि मग कुजण्याचा घाण वास येतो. आता तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर दोन मुठी जुनं खत, मग रोजचा ओला कचरा बारीक चिरून, आणि जेवढा कचरा तेवढाच वाळलेला पालापाचोळा वरून. दोन-तीन दिवसांनी काठीने हलवायचं, फार सुकं वाटलं तर आंबट ताकाचा हबका मारायचा. अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या चावत नाहीत, उलट कचरा झपाट्याने खातात. दोन-अडीच महिन्यांत काळं भुसभुशीत खत तयार होतं, हातात घेतलं की पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. पालापाचोळा रस्त्यावरचा झाडून जाळतात तोच पोतं भरून आणते, म्हणजे तो धूरही तेवढा कमी.

हे सगळं फावल्या वेळेचे उद्योग आहेत असं म्हणणारे भेटतात, आमच्या कमिटीतही भेटले. रोजची पाच मिनिटं जातात, मी मोजलीत. आणि आपल्या दारातून गेलं म्हणजे संपलं असं नसतं ना. पुण्याचा कचरा शहराजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षं सोसला, तिथल्या विहिरींचं पाणी खराब झालं, त्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या तेव्हा कुठे आपल्याला जाग आली. मुंबईचा देवनारचा कचरा डेपो १९२७ पासूनचा, तिथे २०१६ च्या जानेवारीत आग लागली तेव्हा मुंबईभर धूर पसरला आणि शाळा बंद ठेवायला लागल्या. कचऱ्याच्या डोंगराखाली दाबलेल्या ओल्या कचऱ्यातून मिथेन वायू निघतो, तो पेट घेतो. म्हणजे माझ्या घरातली केळ्याची सालसुद्धा अशा आगीत असू शकते.

पिशव्यांचं थोडक्यात सांगते. २०१८ मध्ये आपल्या राज्यात प्लास्टिकबंदी आली, २०२२ च्या जुलैपासून एकदाच वापरायच्या बऱ्याच वस्तूंवर देशभर बंदी आली, तरी भाजीवाल्याकडे पातळ पिशवी मिळतेच कारण आपण मागतो. आणि दुकानात मिळणारी ती रंगीत, कापडासारखी दिसणारी पिशवी कापडाची नसते हो, तीही प्लास्टिकचीच असते. जुन्या साडीची पिशवी शिवून पर्समध्ये घडी घालून ठेवली की प्रश्न मिटतो. फुटलेली काच, ब्लेड, जुन्या सुया मात्र जाड खोक्यात भरून वर मोठ्या अक्षरात लिहून वेगळं हातात द्या, प्लीज.

आता ज्याबद्दल बायकासुद्धा मोकळेपणी बोलत नाहीत ते. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि बाळांचे, आजारी म्हाताऱ्यांचे डायपर. बहुतेक घरांत ते इतर कचऱ्यात तसेच जातात आणि ताईंना ते उघड्या हाताने वेगळे करावे लागतात. त्या हे सांगताना खाली बघत होत्या, मला फार लाज वाटली, मीही वर्षानुवर्षं हेच केलं होतं. पुण्यातल्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने २०१७ मध्ये यावर सोपा मार्ग सांगितला होता, पॅड कागदात नीट गुंडाळायचं, दोरा बांधायचा आणि वर लाल ठिपका काढायचा. ठिपका दिसला की ते पुडकं कुणाला उघडून बघावं लागत नाही. आम्ही आमच्या इमारतीत लिफ्टजवळ लाल स्केच पेन दोरीने बांधून ठेवलंय, सुरुवातीला काहींनी नाकं मुरडली पण आता बावीसपैकी सतरा घरं ठिपका काढतात, आणि दोन घरांतले पुरुषच ते काम करतात हे मुद्दाम सांगते.

आणि इथेच तुमच्याकडे एक विनंती आहे. पॅड गुंडाळायला बहुतेक घरांत पेपरच घेतात. तुम्ही रोजच्या अंकात एखाद्या आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, रुपयाएवढा लाल ठिपका छापाल का? खाली एकच ओळ, 'हे पान गुंडाळायला वापरा, ठिपका वर ठेवा.' पेन शोधायला नको, कुणाला काही समजावून सांगायला नको. जागा फार लागणार नाही. एखादा महिना करून बघा, मी आमच्या सगळ्या गल्लीत सांगून ठेवते, आणि ताईंना विचारून काय फरक पडला ते तुम्हाला परत लिहून कळवते.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे