बरोबरीचा आकडा आणि रिकामे बाक

महोदय,

मुलगे आणि मुली यांच्या शालेय उपस्थितीच्या बातम्यांत बहुधा एकच आकडा झळकतो : लिंगसमानता निर्देशांक. मुलींच्या टक्केवारीला मुलांच्या टक्केवारीने भागायचे, झाला निर्देशांक. ०.९७ ते १.०३ म्हणजे बरोबरी, असे युनेस्को मानते. पण ४५ टक्के मुली आणि ४६ टक्के मुलगे शाळेत जात असले तरी निर्देशांक ०.९८, आणि ९५ व ९७ टक्के जात असले तरी ०.९८च! पहिल्या ठिकाणी निम्म्याहून जास्त मुले शाळेबाहेर आहेत, हे वाचकाला कळणार कसे? तेव्हा निर्देशांकाशेजारी मूळ टक्केवाऱ्या द्याव्यात, त्याही वयोगटवार. अनेक ठिकाणी प्राथमिक वयात नगण्य असलेली तफावत किशोरवयात वाढते आणि सरसकट सरासरीत बुडून जाते.

घरोघरच्या पाहणीत वेगळीच गोम असते. 'या शैक्षणिक वर्षात कधीतरी शाळेत गेली का?' असे विचारले, तर चार दिवस जाऊन घरी बसलेलीही 'उपस्थित' ठरते. सतरा वर्षांची मुलगी लग्न होऊन गेली, की माहेरच्या यादीतून तिचे नाव जाते आणि सासरी 'सून' म्हणून लागते. कुटुंबप्रमुखाचे 'मुलगा-मुलगी' एवढेच नाते धरून हिशेब केला तर ती त्यातून निसटते आणि मुलींचे चित्र आहे त्याहून उजळ दिसते. मोजणी वयावरून हवी, नात्यावरून नको.

शाळांनीही वर्गाच्या मासिक सरासरीवर समाधान मानू नये. ८० टक्के सरासरीचा अर्थ प्रत्येक जण पाच दिवसांत एकदा गैरहजर असा होतो, किंवा पाचातला एक जण महिनाभर फिरकलाच नाही असाही. हजेरीपटावरून प्रत्येकाचे गैरहजर दिवस मोजावेत; २०० दिवसांच्या वर्षात २० किंवा अधिक दिवस बुडवणाऱ्यांची यादी मुलगे आणि मुली अशी वेगळी करावी. खाडे सुटे आहेत की सलग, हेही पाहावे. मुलींचे दर महिन्याला दोन-तीन दिवस बुडत असतील तर ते पाळीचे असू शकतात; आधी स्वच्छतागृहातले पाणी आणि दाराची कडी तपासावी. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी राहणाऱ्या मुलीला मात्र कडीचा उपयोग नाही; तिथे पाळणाघर लागते. सलग तीन-चार आठवड्यांचा खाडा बहुधा मजुरीचा किंवा स्थलांतराचा. त्यात मुलगेही कमी नसतात. परतल्यावर बुडालेला भाग भरून घेणारा तास नसेल, तर पुढचा खाडा कायमचा ठरतो.

– शालेय आकडेवारीचा एक अभ्यासक