युगांडाचे रक्तसाक्षी आणि वसईतला रिकामा फ्लॅट

महोदय,

डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल मुंबईत आले, तेव्हा मी सहा वर्षांची होते. वडिलांनी वसईहून गाडीने ओव्हल मैदानावर नेले आणि खांद्यावर बसवून त्यांना दाखवले. त्याच पोपनी जेमतेम दीड महिन्यापूर्वी, १८ ऑक्टोबरला, युगांडाच्या बावीस रक्तसाक्षींना, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण दिलेल्यांना, संतपद दिले होते, हे मात्र मला साठीनंतर कळले. राजवाड्यातले हुजरे, काही तर कोवळी पोरे. चार्ल्स ल्वांगा आणि त्याच्या सोबत्यांना ३ जून १८८६ रोजी नामुगोंगो येथे जिवंत जाळले.

हे मला सांगितले एका युगांडाच्या बाईने. पाठीला बाळ बांधून ती नवऱ्यासह आमच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला, म्हणजे उपासनेला, येई. नवरा मुंबईतून तयार कपडे घेऊन कंपालाला पाठवतो. लहानपणी ती आजीबरोबर नामुगोंगोच्या यात्रेला चालत गेली होती.

ती बसे त्या बाकावर दुसरे कोणी बसत नसे. मिस्सात एकमेकांना शांतीचे चिन्ह देताना ती मागे वळून हात जोडी आणि मागची माणसे पुस्तकात डोके घालत. बाहेर तिला सगळे ‘नायजेरियन’च म्हणत.

त्यांना घर हवे होते. माझ्या मुलाचा फ्लॅट रिकामा होता, मी शब्द दिला. सोसायटीच्या सभेत ठराव आला: परदेशी भाडेकरू नकोत. ‘परदेशी’ हे कागदापुरते. आमच्या तिसऱ्या मजल्यावर एक जर्मन इंजिनीअर दोन वर्षे राहून गेला, नाताळात त्याला घरोघरी आमंत्रण होते. सभेतले निम्मे लोक कॅथलिक होते. मी ठरावाला हात वर केला नाही, पण तोंडही उघडले नाही. तिला फोनवर सांगितले, मुलाचा विचार बदलला. ते खोटे होते. पापनिवेदनात कबूल केले तेव्हा फादरांनी एवढेच विचारले, ‘हे त्यांना सांगितलंत का?’ मी गेले तोवर ते कुटुंब वसई सोडून गेले होते.

वंश-वर्णावरून होणारा भेदभाव ख्रिस्ताच्या मनाला परका आहे, असे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजीच लिहून ठेवले. ३ जून २०२० रोजी, नेमक्या या रक्तसाक्षींच्या सणादिवशी, पोप फ्रान्सिस म्हणाले की वर्णद्वेषाकडे डोळेझाक करून मानवी जीवनाचे पावित्र्य जपतो असा दावा करता येणार नाही. गर्भपाताविरुद्धच्या प्रार्थनांना आम्ही न चुकता जातो, म्हणून हे वाक्य मला फार लागले. (आपल्याच चर्चमधल्या जातीबद्दल स्वतंत्र पत्र लिहीन.)

फ्लॅट अजून रिकामा आहे. तो ठराव रद्द करावा, अशी लेखी मागणी मी पुढच्या सभेसाठी दिली आहे. तिच्यावर अनुमोदकाची सही हवी आहे. इमारतीत कॅथलिकांची अकरा घरे आहेत. त्यांतले कोणीतरी पुढे यावे.

– एक निवृत्त शिक्षिका, वसई